डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस : लिहिलेली उद्दिष्टे आणि मिळालेले शिक्षण

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या किंवा तिकडे जाण्याच्या तयारीत असलेल्या मराठी परिचारिकांकडून डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, म्हणजेच डीएनपी, या पदवीविषयी अलीकडे वारंवार विचारणा होते. फी किती, नोकरी सांभाळून अभ्यास होतो का आणि पदवी मिळाल्यावर पगार वाढतो का, हे तीन प्रश्न त्यात हमखास असतात. तिन्ही रास्त आहेत. मात्र त्यांच्याही आधी विचारायला हवा असा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : या अभ्यासक्रमाची शैक्षणिक उद्दिष्टे कोणती आहेत आणि ती साध्य झाली हे विद्यापीठ कशावरून ठरवते? मी अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठातून एम.एस्सी.नंतरचा डीएनपी अभ्यासक्रम अर्धवेळ आणि बहुतांशी ऑनलाइन पद्धतीने पूर्ण केला. पुढील समीक्षा मी याच प्रश्नाच्या आधारे करणार आहे. विद्यापीठाचे नाव येथे देत नाही. ज्या त्रुटी मी नोंदवणार आहे त्या इतर विद्यापीठांतील सहकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकल्या आहेत, त्यामुळे एका नावावर बोट ठेवणे योग्य होणार नाही.

डीएनपी म्हणजे पीएच.डी.ची सोपी आवृत्ती, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो आधी दूर केला पाहिजे. पीएच.डी. नवे ज्ञान निर्माण करायला शिकवते. डीएनपीचे काम त्याच्या पुढच्या टप्प्यावर सुरू होते : जे संशोधनाने आधीच सिद्ध झाले आहे ते रुग्णाच्या खाटेपर्यंत का पोहोचत नाही हे शोधायचे, ते पोहोचवायचे आणि पोहोचले की नाही हे मोजून दाखवायचे. केंटकी विद्यापीठाने २००१ मध्ये हा अभ्यासक्रम प्रथम सुरू केला. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंग या संस्थेने, प्रगत परिचर्येचे शिक्षण २०१५ पर्यंत डॉक्टरेटच्या पातळीवर न्यावे, अशी अधिकृत भूमिका घेतली. ती मुदत उलटून गेली आणि नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून औषधे लिहून देऊ शकणारी परिचारिका, होण्यासाठी आजही पदव्युत्तर पदवी चालते. भूल देणाऱ्या परिचारिकांच्या बाबतीत मात्र १ जानेवारी २०२२ पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरेटच घ्यावी लागते. या सगळ्यामागे १९९९ मधील एका अहवालाची पार्श्वभूमी आहे. अमेरिकेतील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावतात, असा अंदाज इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने त्यात मांडला होता. डीएनपीच्या उद्दिष्टांत गुणवत्ता, सुरक्षितता आणि यंत्रणा या शब्दांना एवढे वजन का आहे, याचे उत्तर त्या आकड्यात सापडते.

उद्दिष्टांचा मूळ आराखडा कॉलेजेस ऑफ नर्सिंगच्या त्याच संस्थेने २००६ मध्ये आणला. त्यात आठ बाबी होत्या : परिचर्येचा शास्त्रीय पाया, संस्था व यंत्रणा यांचे नेतृत्व, पुराव्यावर आधारित परिचर्येसाठी लागणारी विश्लेषणपद्धती, माहिती तंत्रज्ञान, आरोग्य धोरण, इतर व्यावसायिकांबरोबरचे सहकार्य, प्रतिबंध आणि लोकसंख्येचे आरोग्य, आणि शेवटी प्रगत परिचर्या. त्याच आराखड्याने बी.एस्सी.नंतरच्या पर्यवेक्षित प्रात्यक्षिकाचे किमान १,००० तास बंधनकारक केले. २०२१ मध्ये संस्थेने तो मोडून नवा आराखडा आणला. त्यात दहा क्षेत्रे आहेत, ती बी.एस्सी. पातळीपासून डॉक्टरेटपर्यंत सलग चालतात, आणि प्रत्येक क्षेत्रात प्रवेशपातळीच्या व प्रगत पातळीच्या क्षमता वेगवेगळ्या लिहून दिलेल्या आहेत. भर विषयांच्या यादीवरून हलून, विद्यार्थिनीला प्रत्यक्ष काय करता आले पाहिजे, यावर आला. माझ्या विद्यापीठात मी होते त्या काळात जुन्या आराखड्यावरून नव्यावर जाण्याचे काम सुरू होते, त्यामुळे काही विषयांच्या माहितीपत्रकात आठ बाबींची भाषा होती आणि काहींत दहा क्षेत्रांची. विद्यार्थ्यांना त्याचा त्रास झाला, पण दोन्ही आराखडे शेजारी ठेवून वाचायला मिळाले, ही जमेची बाजू मी मानते.

आता गुणदोषांकडे येते. या अभ्यासक्रमाचे सर्वांत मौल्यवान अंग म्हणजे पुरावा वाचण्याचे आणि गुणवत्ता सुधारण्याचे शिक्षण. त्यासाठी मी या पदवीची शिफारस कोणाजवळही करेन. पहिल्याच सत्रात संशोधन-निबंध वाचायला देतात, आणि ते निष्कर्षापासून सुरुवात करून वाचण्याची आपली सवय तिथे मोडली जाते. नमुना कसा निवडला, तुलना कोणाशी केली, निकाल ठरवणाऱ्याला कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळाला हे माहीत होते का, किती रुग्ण मध्येच गळाले आणि ते कोणत्या गटातले होते, असे प्रश्न एकेका निबंधाला विचारून लेखी उत्तरे द्यावी लागतात. महाराष्ट्रात एम.एस्सी. करताना मी प्रबंध लिहिला होता आणि तो मनापासून लिहिला होता. तरीही दुसऱ्याचे संशोधन माझ्या वॉर्डातल्या रुग्णाला लागू पडते की नाही, हे ठरवण्याची शिस्त मला येथे मिळाली.

या शिस्तीची खरी परीक्षा पदवीच्या प्रकल्पात होते. २०१५ च्या एका मार्गदर्शक अहवालात संस्थेने स्पष्ट केले, की या कामाला प्रबंध म्हणू नये, त्याला डीएनपी प्रकल्प म्हणावे, आणि त्याचा भर प्रत्यक्ष व्यवहारात बदल घडवण्यावर असावा. आमच्या गटातील प्रकल्पांच्या पहिल्या मसुद्यांत "परिचारिकांमध्ये जागरूकता वाढवणे" हे उद्दिष्ट जवळजवळ प्रत्येकीने लिहिले होते. मार्गदर्शक प्राध्यापिकांनी ते सर्व मसुदे एकाच शेऱ्यासह परत केले : जागरूकता वाढली हे कोणत्या आकड्यावरून सांगणार, आणि ती वाढल्याने रुग्णाला काय मिळणार? दुसऱ्या मसुद्यापासून उद्दिष्टाच्या वाक्यात कोणता रुग्ण, कोणती कृती, कोणते मोजमाप, किती बदल आणि किती मुदतीत, या पाच गोष्टी असल्याशिवाय ते पुढे सरकत नसे. त्या वेळी हा आग्रह जाचक वाटत असे. आज मी वॉर्डात कोणतीही नवी पद्धत सुचवण्याआधी तेच पाच रकाने भरते.

माझा प्रकल्प लघवीच्या नळीविषयी होता. रुग्णालयात घातलेली नळी गरजेपेक्षा जास्त दिवस राहिली की मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, हे प्रत्येक सिस्टरला ठाऊक आहे. ऑक्टोबर २००८ पासून अमेरिकेच्या मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेने असा संसर्ग रुग्णालयात झाल्यास त्याच्या उपचाराचे जादा पैसे देणे बंद केले, त्यामुळे रुग्णालयाच्या व्यवस्थापनालाही त्याची काळजी आहे. सगळ्यांना ठाऊक असूनही नळी राहते, आणि डीएनपीचा प्रश्न तिथून सुरू होतो. आधीच्या महिन्यांच्या नोंदी काढून पाहिल्या, तेव्हा आमच्या वॉर्डातील बऱ्याच रुग्णांची नळी आपत्कालीन विभागात घातली गेली होती आणि ती का घातली याचे कारण केसपेपरवर कुठेही नव्हते. कारणच लिहिलेले नसल्यामुळे ते संपले कधी, हे वॉर्डातील सिस्टरला कळण्याचा मार्ग नव्हता. शनिवार-रविवारी नळ्या काढण्याचे प्रमाण आणखी खाली जात होते, कारण त्या दोन दिवशी राऊंडला येणारे डॉक्टर रुग्णाला प्रथमच पाहत असत आणि दुसऱ्याने घातलेली नळी काढण्याचा निर्णय सोमवारवर ढकलत असत. यात कोणाचाही आळस किंवा अज्ञान नव्हते. जागरूकतेचे व्याख्यान देऊन यातले काहीही बदलले नसते.

उपाय म्हणून आम्ही जी पद्धत बसवली ती नवी नव्हती आणि नवी असण्याची गरजही नव्हती. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी २००९ मध्ये नळी ठेवण्याची योग्य कारणे प्रसिद्ध केली आहेत : लघवी अडकणे, अत्यवस्थ रुग्णाच्या लघवीचे अचूक मोजमाप, काही विशिष्ट शस्त्रक्रिया, लघवीवर ताबा नसलेल्या रुग्णाच्या माकडहाडाजवळील किंवा गुह्यभागाजवळील उघड्या जखमा, दीर्घकाळ हालचाल करता न येणे आणि अखेरच्या काळातील रुग्णाचा आराम. प्रत्येक पाळीच्या हँडओव्हरमध्ये या यादीतील एक कारण बोलून दाखवायचे, कारण सापडले नाही तर वैद्यकीय समितीने आधीच मंजूर केलेल्या नियमानुसार सिस्टरने स्वतःच नळी काढायची, आणि त्यानंतर ठरलेल्या वेळेत लघवी झाली नाही तर ब्लॅडर स्कॅनरने तपासायचे, एवढाच तो बदल होता. हे कागदावर आणायला एक दुपार पुरली. युरोलॉजीचे डॉक्टर, संसर्ग-नियंत्रण परिचारिका, औषधालय, संगणकीय नोंदी सांभाळणारा विभाग आणि रात्रपाळीच्या इनचार्ज सिस्टर, या सर्वांची संमती मिळवायला मात्र एक संपूर्ण सत्र खर्ची पडले. आंतरव्यावसायिक सहकार्य नावाचे जे उद्दिष्ट माहितीपत्रकात अगदी गुळगुळीत भाषेत लिहिलेले असते, त्याचा अर्थ मला त्या बैठकांत समजला.

मोजमापाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण अभ्यासक्रमाची श्रीमंती तिथे आहे. नळीमुळे होणाऱ्या संसर्गाचा दर साधारणपणे दर १,००० नळी-दिवसांमागे किती संसर्ग झाले, असा काढतात; एका रुग्णाला एक दिवस नळी असली की तो एक नळी-दिवस. समजा, एखाद्या कालावधीत २,००० नळी-दिवस होते आणि ४ रुग्णांना संसर्ग झाला, तर दर २ आला. आता अनावश्यक नळ्या काढल्यामुळे नळी-दिवस १,२०० वर आले आणि संसर्ग ३ वर आले, तर दर २.५ होतो. रुग्णांचे नुकसान कमी झाले, पण दर वाढलेला दिसतो, कारण कमी जोखमीच्या रुग्णांच्या नळ्या निघून गेल्या आणि ज्यांना ती खरोखर हवी असे जास्त जोखमीचे रुग्णच भाजकात उरले. केवळ दराकडे पाहणारी समिती अशा वेळी चांगली योजना बंद करण्याचा निर्णय घेऊ शकते. म्हणून एकूण रुग्ण-दिवसांपैकी किती दिवस नळी होती, हे गुणोत्तरही शेजारी मांडावे लागते. त्याशिवाय समतोल तपासणारे तिसरे माप ठेवावे लागते : नळी काढल्यावर किती जणांना ती पुन्हा घालावी लागली? सुधारणा करताना दुसरीकडे नुकसान होत नाही ना, हे विचारण्याची ही सवय मला या पदवीची सर्वांत मोठी देणगी वाटते.

आलेख वाचण्याचेही तसेच. आधीची सरासरी आणि नंतरची सरासरी असे दोन खांब काढून यश जाहीर करण्याची पद्धत रुग्णालयांत सर्रास दिसते. आम्हाला दर आठवड्याचा बिंदू काळाच्या क्रमाने मांडायला शिकवले. मध्यकाच्या, म्हणजे सर्व बिंदूंच्या मधोमध येणाऱ्या मूल्याच्या, एकाच बाजूला सलग सहा किंवा अधिक बिंदू पडले, किंवा सलग पाच किंवा अधिक बिंदू एकाच दिशेने चढत वा उतरत गेले, तरच तो योगायोगापलीकडचा बदल मानायचा, हा नियम हाताने आलेख काढून गिरवून घेतला. एका चांगल्या आठवड्यावर हुरळून न जाण्याची आणि एका वाईट आठवड्यावर रात्रपाळीला दोष न देण्याची समज त्यातून येते. या विषयाच्या प्राध्यापकांना माझे पूर्ण गुण.

संख्याशास्त्राच्या मुख्य विषयाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. तो विषय पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आखलेला होता आणि तोच आम्हाला जसाच्या तसा दिला गेला. मोठ्या नमुन्यांवर चालणाऱ्या कसोट्यांची गणिते सोडवण्यात सत्र संपले. लहान वॉर्डातील, थोड्या रुग्णांच्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या आकड्यांचे काय करावे, हे त्यात आले नाही. माहितीपत्रकात उद्दिष्ट होते "परिचर्येच्या परिणामांचे विश्लेषण करणे", आणि परीक्षा झाली सूत्रे ओळखण्याची. उद्दिष्ट आणि मूल्यमापन यांची फारकत झाली की काय होते, याचे हे स्वच्छ उदाहरण आहे.

आरोग्य धोरणाचा विषय याहूनही कमकुवत निघाला. "आरोग्य धोरणाच्या घडणीत नेतृत्व करणे" असे त्याचे उद्दिष्ट होते, आणि त्यासाठी प्रत्यक्षात करायचे होते ते लोकप्रतिनिधीला एक पत्र लिहिणे व चर्चेच्या पानावर दर आठवड्याला दोन प्रतिसाद टाकणे. ज्या देशात नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरांशी करार न करता स्वतंत्रपणे काम करण्याची मुभा सुमारे निम्म्याच राज्यांत आहे, तिथे धोरण या विषयाला केवढे काम आहे! शेजारच्या दोन राज्यांचे कायदे घेऊन, त्यांचा ग्रामीण दवाखान्यांतील रुग्णांवर काय परिणाम होतो याचा एक सखोल अभ्यास करून घेतला असता, तरी ते उद्दिष्ट काही प्रमाणात सार्थ झाले असते. परदेशातून आलेल्या परिचारिकांच्या दृष्टीने हे नुकसान अधिक आहे, कारण अमेरिकेची विम्याची, परवान्यांची आणि राज्यागणिक बदलणाऱ्या नियमांची रचना आम्हाला अंगवळणी पडलेली नसते. माहिती तंत्रज्ञानाच्या विषयाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो व्याख्यांच्या पाठांतरात संपला.

प्रात्यक्षिकाच्या तासांचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा. १,००० तासांत पदव्युत्तर शिक्षणात केलेले पर्यवेक्षित तास धरले जातात आणि उरलेले डीएनपीमध्ये पूर्ण करायचे असतात. २०२१ च्या आराखड्याने प्रगत पातळीसाठी किमान ५०० तासांचा उल्लेख केला आणि तासांपेक्षा क्षमता दाखवण्यावर भर दिला; नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणासाठी मात्र २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी थेट रुग्णसेवेचे किमान ७५० तास ठरवले आहेत. भारतातून एम.एस्सी. करून आलेल्या परिचारिकेची अडचण अशी, की आपल्या गुणपत्रिकेवर विषय आणि गुण असतात, पर्यवेक्षित प्रात्यक्षिकाचे तास बहुधा नसतात. मी ज्या महाविद्यालयात शिकले तिथून तसे पत्र मागवले, तेव्हा पत्रापत्रीत महिने गेले, आणि शेवटी आलेल्या पत्रात तासांचा एकच गोळाबेरीज आकडा होता, जो विद्यापीठाने अंशतःच मान्य केला. उरलेले तास मला नव्याने भरावे लागले आणि त्यांची फीही भरावी लागली. जी मराठी मुलगी आज एम.एस्सी. नर्सिंग करत आहे, तिने महाविद्यालय सोडण्यापूर्वी विषयवार, विभागवार आणि पर्यवेक्षकाच्या हुद्द्यासह तासांचा दाखला सहीशिक्क्यानिशी घेऊन ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. नंतर प्राचार्य बदलतात, कारकून बदलतात, आणि जुनी नोंदवही शोधायला कोणाला सवड नसते.

तासांच्या बाबतीत विद्यापीठाची जबाबदारीही मी नोंदवते. प्रात्यक्षिकासाठी अनुभवी मार्गदर्शक, ज्याला तिकडे प्रिसेप्टर म्हणतात, शोधण्याचे काम विद्यार्थ्यावर सोपवले होते. ज्या मुलींचे नातेवाईक वा वर्गमित्र स्थानिक रुग्णालयांत होते, त्यांचे काम लवकर झाले. जी दूरच्या राज्यातून, कोणत्याही ओळखीविना आली होती, ती आठवडेच्या आठवडे ईमेल पाठवत राहिली. भरमसाठ फी घेणाऱ्या अभ्यासक्रमाने आपल्या शैक्षणिक उद्दिष्टांचा इतका मोठा वाटा विद्यार्थ्याच्या ओळखीपाळखीवर सोडावा, हे मला अयोग्य वाटते. शिवाय तासांची नोंद ठेवण्याच्या संगणकीय प्रणालीत तास, तारीख आणि उद्दिष्टाचा क्रमांक भरावा लागे. चार तास बैठकीत गप्प बसलेली विद्यार्थिनी आणि चार तास त्या बैठकीचे सूत्रसंचालन केलेली विद्यार्थिनी यांत त्या प्रणालीला फरक करता येत नसे. क्षमतांवर आधारलेल्या नव्या आराखड्याने हाच दोष दूर व्हावा अशी अपेक्षा आहे. त्यासाठी विद्यार्थिनीचे काम प्रत्यक्ष पाहून अभिप्राय देणारे प्राध्यापक लागतील, आणि ते नेमण्याचा खर्च विद्यापीठांनी करायला हवा.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. व्याख्याने आधी ध्वनिमुद्रित केलेली असत, प्रत्यक्ष भेटी मोजक्या होत्या, आणि त्या भेटींतील शिक्षण ऑनलाइन आठवड्यांपेक्षा सरस होते. लेखी कामावरचे अभिप्राय प्रकल्पाच्या मार्गदर्शकांकडून सविस्तर मिळत. इतर काही विषयांत "छान काम" एवढाच शेरा येई. बारा तासांची पाळी करून रात्री निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला त्यापेक्षा अधिक मिळण्याचा हक्क आहे.

एक गैरसमजही स्पष्ट करते. एम.एस्सी.नंतरचा डीएनपी केल्याने कोणी आपोआप नर्स प्रॅक्टिशनर होत नाही. त्यासाठी त्या विशिष्ट शाखेचे शिक्षण, राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा आणि राज्याचा परवाना लागतो. काही डीएनपी अभ्यासक्रमांत ती शाखा अंतर्भूत असते. माझ्यासारख्या नेतृत्वाच्या शाखेत ती नसते. "पदवी मिळाली की औषधे लिहून देता येतील" असे समजून कर्ज काढलेल्या एका सहाध्यायिनीला हे दुसऱ्या वर्षी कळले. प्रवेशाच्या वेळी तिला कोणी स्पष्ट सांगितले नव्हते. नावामागे डॉक्टर लावण्याविषयीही राज्याराज्यांत वेगवेगळे नियम आहेत. रुग्णासमोर आपण परिचारिका आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगणे, हा आमच्या प्राध्यापिकांचा दंडक होता आणि तो मला सर्वस्वी पटतो. रुग्णाला आपल्यासमोर कोण उभे आहे हे कळणे हा त्याचा अधिकार आहे.

भारतात परतण्याचा विचार असलेल्यांनी हे आणखी काळजीपूर्वक पाहावे. आपल्याकडे परिचर्येतील डॉक्टरेट म्हणजे पीएच.डी. भारतीय परिचर्या परिषदेने बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाबरोबर आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पीएच.डी.साठी जो राष्ट्रीय संघ उभा केला, त्यातून देशभरातील प्राध्यापक घडले; नर्सिंग महाविद्यालयांत अध्यापन करायचे असेल, तर तोच मार्ग सरळ आहे. व्यवहाराच्या बाजूने पाहिले, तर अतिदक्षता विभागासाठी परिषदेने आखलेला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम हे योग्य दिशेचे पाऊल आहे. १९४७ च्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला; त्या आयोगाने डॉक्टरेट पातळीवरील व्यावसायिक पदवीचा विचार केला, तर अमेरिकेचा अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलू नये, असे माझे ठाम मत आहे. धोरणाचे आणि तंत्रज्ञानाचे पोकळ विषय बाजूला ठेवावेत, आणि एका वॉर्डातील एक खरी अडचण घेऊन ती मोजण्यापासून सोडवण्यापर्यंतचा जो भाग आहे, तो आधी घ्यावा. खरे तर त्यासाठी नव्या पदवीची वाट पाहण्याचीही गरज नाही. आपल्या जिल्हा रुग्णालयांत एका सिस्टरवर जितक्या खाटांचा भार असतो तो अमेरिकेत कल्पनेपलीकडचा आहे, हे मला मान्य आहे; पण म्हणूनच तिथे कोणती नोंद खरोखर उपयोगी आणि कोणती केवळ रजिस्टर भरण्यापुरती, हे ठरवायला शिकवणे अधिक निकडीचे आहे. एम.एस्सी.च्या प्रबंधांपैकी काही जरी "परिचारिकांच्या ज्ञानाचा अभ्यास" या ठरलेल्या साच्यातून बाहेर पडून वॉर्डातील बदलाचे मोजमाप करू लागले, तरी त्याचा लाभ त्याच वर्षी रुग्णांना होईल.

एकूण मूल्यमापन करायचे झाले, तर पुरावा, गुणवत्ता आणि सहकार्य या उद्दिष्टांत हा अभ्यासक्रम उत्तम, प्रात्यक्षिकाच्या व्यवस्थेत मध्यम आणि धोरण व तंत्रज्ञानात असमाधानकारक ठरतो. रुग्णालयात इनचार्ज, शिक्षण-समन्वयक किंवा गुणवत्ता विभागाचे काम करणाऱ्या आणि पुढेही रुग्णसेवेतच राहू इच्छिणाऱ्या परिचारिकेने तो जरूर करावा. ज्यांचा ओढा मूलभूत संशोधनाकडे आहे, त्यांनी पीएच.डी. करावी. केवळ पगारवाढीसाठी करणार असाल, तर आधी आपल्या रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी माहिती घ्यावी, कारण खाटेजवळच्या सिस्टरच्या वेतनश्रेणीत या पदवीने अनेक ठिकाणी काहीच फरक पडत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाकडे मान्यतेचे पत्र तर मागावेच, पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी मागाव्यात : प्रत्येक विषयाच्या उद्दिष्टासमोर ते कोणत्या कामातून तपासले जाते याचा तक्ता, प्रिसेप्टर शोधण्याची जबाबदारी कोणाची याचे लेखी उत्तर, आणि मागील तुकडीतील दोन-तीन पूर्ण प्रकल्पांचे अहवाल. ते अहवाल हाती आले की त्यांतले शेवटचे प्रकरण आधी वाचावे. विद्यार्थिनी बाहेर पडल्यावर तो बदल त्या वॉर्डात टिकला का आणि तो टिकवण्याची जबाबदारी कोणाकडे सोपवली, याची नोंद तिथे असायला हवी. ती नसेल, तर दुसरे विद्यापीठ पाहावे.